बहिष्कार हूडीवर, पुस्तकांवर नको

21 नोव्हेंबर 2025 ला भारतात चार श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हापासून तिकडच्या प्रत्येक वादात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अमेरिकेत बघा, सकाळी काढलं की माणूस दुपारी खोकं उचलून घरी जातो. कुणी फाटकावर द्वारसभा घेत नाही." म्हणून 300 पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारी परवानगी नको, हे बरोबरच, असा निष्कर्ष. इथे अमेरिकेत राहून हे वाक्य मला सहन होत नाही, कारण ते अर्धंच खरं आहे.

इथल्या एखाद्या विद्यापीठाच्या कॅम्पसवरच्या बुकस्टोअरमधल्या पंचवीस जणांना पदवीदान उरकल्यावर काढलं, असं धरा. दुकानावर नाव विद्यापीठाचं असलं तरी पगार बहुधा कंत्राटदार कंपनी देते आणि विक्रीवरचं कमिशन विद्यापीठाला पोचवते. आता पुस्तकांचे पैसे फीच्याच बिलात लागतात, पुस्तक स्क्रीनवर उघडतं, मग फडताळं लावणारे हात कमी लागतात. 60 दिवस आधी नोटीस द्यायला लावणारा 1988 चा वॉर्न कायदा इथे उपयोगाचा नाही, कारण त्यासाठी साधारणपणे एका ठिकाणची निदान 50 माणसं जावी लागतात. मोंटाना सोडलं तर काढायला कारणही लागत नाही. इथवर तिकडच्या मंडळींचं खरं आहे.

पण 1935 च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याचं सातवं कलम युनियन नसलेल्यांनाही लागू आहे. दोघांनी मिळून पगाराबद्दल, कामाच्या अटींबद्दल आवाज उठवला की संरक्षण मिळतं. सूड म्हणून काढलं असेल तर सहा महिन्यांच्या आत श्रमसंबंध मंडळाकडे तक्रार करायची. त्यानंतर दार बंद. शिफ्ट लावणारा, माणसं नेमणारा पर्यवेक्षक मात्र या कलमात येत नाही. त्याच्या नावाने पत्रक काढलं तर पहिला बळी तोच.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी होते, ती म्हणजे सही. सेव्हरन्सच्या, म्हणजे काढताना देऊ केलेल्या पैशांच्या, कागदात दोन-चार आठवड्यांच्या पगाराच्या बदल्यात सगळे दावे सोडल्याचं कलम असतं आणि खाली 'आजच सही करा' असा आग्रह. वय 40 किंवा जास्त असेल आणि एकापेक्षा जास्त जणांना एकत्र काढलं असेल, तर वयाच्या भेदभावाचा दावा सोडायला लावण्याआधी विचाराला 45 दिवस द्यावेच लागतात. सहीनंतरही ती मागे घ्यायला 7 दिवस मिळतात. कागद घरी न्यायचा, आणि बेकारी भत्त्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाकायचा. बहुतेक राज्यांत उशिराचे आठवडे बुडतात.

आता आंदोलन. काढलेल्या माणसाकडे संपाचं हत्यार उरलेलंच नसतं. मालकाला बंदच हवं असेल तर संप त्याच्या पथ्यावर पडतो, हे 18 जानेवारी 1982 नंतर गिरणगावाला सांगायला नको. म्हणून वेळ गाठायची ती ऑगस्टअखेरच्या रशची. सत्र सुरू होतानाच्या त्या पंधरा दिवसांत दुकानाला हंगामी माणसं लागतातच. मागणी त्यावरच बेतायची: नव्यांच्या आधी जुन्यांना बोलवा, सेवेच्या क्रमाने यादी लावा, तसं लिहून द्या. 'न्याय द्या' एवढंच म्हटलं तर द्यायला समोर कुणीच नसतं.

सरसकट बहिष्काराची हाक द्यायची नाही. आर्थिक मदतीवर शिकणाऱ्या पुष्कळ मुलांच्या खात्यात फक्त याच दुकानात चालणारी उधारी असते. पुस्तकांवर बहिष्कार टाकला तर पहिल्या आठवड्याच्या गृहपाठाला मुकतात ती तीच मुलं. हूडी, मग, टोप्या यांवर टाका. नफ्याचं प्रमाण तिथेच जास्त असतं आणि त्यावाचून कुणी नापास होत नाही.

पत्रक अर्ध्या पानाचं पुरे: किती जणांना काढलं, किती दिवसांची नोटीस दिली, काय मागतो, विद्यापीठात कुणाला लिहायचं. सार्वजनिक पदपथावर उभं राहायचं, दार अडवायचं नाही. वाद कपातीचा असताना पत्रकात 'इथली पुस्तकं फसवी' असं घातलं तर संरक्षण जाऊ शकतं. आणि सरकारी विद्यापीठ असेल तर माहिती कायद्याखाली कंत्राटाची प्रत मागायची. कमिशनची अट आणि मुदत संपण्याची तारीख त्यात सापडते. कंत्राटदार कामगारांना भीक घालत नसला तरी नूतनीकरणाला घाबरतो.

तिकडे छाटणीला पूर्ण सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार कायद्याने ठरलेला आहे. इथे केंद्रीय कायद्याने एक डॉलरही ठरलेला नाही. आपल्या पूर्वजांनी भांडून मिळवलेलं ते आहे, आणि अमेरिकेचा दाखला देऊन तेच पातळ करा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. हातात नेमणूकपत्रच नसलेल्या कंत्राटी पोराला तिकडेही ते 15 दिवस मिळत नाहीत, हे माहीत असूनही.

'अमेरिकेत कुणी आंदोलन करत नाही' हे तिकडे पोचवलं कुणी? इथे आलेल्या आम्हीच. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरची आपली मुलं सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या मर्यादेत याच दुकानांत काम करतात. सातवं कलम त्यांनाही आहे, पण व्हिसाच्या भीतीने ती फळीआड गप्प राहतात. पुढे नोकरीचा एच-1बी व्हिसा आला की नोकरी गेल्यावर इथे राहायला जास्तीत जास्त 60 दिवस, म्हणून तेव्हाही गप्प. मग ग्रीन कार्डची रांग. तोवर गप्प राहायची सवय अंगात मुरते आणि फोनवर आम्ही तिलाच इथली शिस्त म्हणतो. पदपथावरचं पत्रक मी घेतो, घडी करून खिशात घालतो आणि पुढे जातो. ते वाटणाऱ्या बाईला मी कोणत्या बाजूचा वाटतो, हे विचारायचा धीर अजून झालेला नाही.