जोगेंद्रनाथ मंडल यांच्यावरचा तो फॉरवर्ड, आणि दुसऱ्या ग्रुपवरचा दुसरा

परवा सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. वर्षातून दोनदा तरी येतोच. मजकूर साधारण असा: जोगेंद्रनाथ मंडल, पाकिस्तानचा पहिला कायदामंत्री, दलित होता, बाबासाहेबांनी फाळणीआधी परोपरीनं समजावूनही जीनांच्या नादी लागला, आपल्या लोकांची मतं देऊन आसामातलं सिल्हेट पाकिस्तानला मिळवून दिलं, पाकिस्तानची घटना लिहिली, मग काही महिन्यांतच जीव मुठीत धरून पळून आला आणि इथे अनामिक म्हणून मेला. खाली "इतिहास विसरू नका" आणि चार हात जोडलेले.

पहिला कायदामंत्री हे खरंय. कामगार खातंही त्यांच्याकडेच होतं. १० ऑगस्ट १९४७ ला कराचीत पाकिस्तानच्या घटनासभेची पहिली बैठक झाली तेव्हा हंगामी अध्यक्ष म्हणून पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान लियाकत अलींनी मंडल यांचं नाव सुचवलं, ख्वाजा नाझिमुद्दीननी अनुमोदन दिलं, आणि पूर्व बंगालातल्या बारिसालच्या खेड्यातला हा नामशूद्र (बंगालमधली एक दलित जात) माणूस त्या खुर्चीत बसला. दुसऱ्या दिवशी जीना अध्यक्ष म्हणून निवडून आले. एवढं खरं. बाकीचं आता बघू.

"जीनांच्या नादी लागला." म्हणजे जणू काल राजकारणात आलेलं पोरगं. अहो १९३७ मध्ये हा माणूस बंगालच्या विधानसभेत खुल्या जागेवरून अपक्ष निवडून आलेला, राखीव नाही, खुल्या, आणि पाडलं कोणाला तर जिल्हा काँग्रेसच्या अध्यक्षाला. नंतर काही काळ सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे भाऊ शरदबाबू यांच्या जवळ होते. १९४२ ला नागपुरात बाबासाहेबांचा दलितांसाठीचा पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, निघालं त्याची बंगाल शाखा यांनीच उभी केली आणि १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा बंगालमधून निवडून आलेला एकमेव उमेदवार म्हणजे हेच. आता जीनांच्या मुस्लिम लीगबरोबर का गेले? त्यांचं गणित सरळ होतं: पूर्व बंगालात नामशूद्र पण कूळ आणि मजूर, मुसलमानही बहुतेक कूळ आणि मजूर, जमीनदार आणि सावकार मात्र बरेचसे सवर्ण हिंदू, मग पोटाचा प्रश्न एकच असेल तर एकत्र का नाही. गणित चुकलं, मान्य. पण ते गणित होतं, नाद नव्हता.

"बाबासाहेबांचं ऐकलं नाही." मला सगळ्यात जास्त राग येतो तो या वाक्याचा, कारण यात एक मोठी गोष्ट गिळून टाकलीये. १९४६ ला बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून घटनासमितीवर जाता येईना, काँग्रेसनं दारं लावून घेतलेली. तेव्हा त्यांना बंगालमधून निवडून आणण्यासाठी धावपळ केली ती मंडल यांनी. म्हणजे ज्या माणसाला तुम्ही बाबासाहेबांचा न ऐकणारा म्हणून रंगवताय त्यानेच बाबासाहेबांना घटनासमितीत पोचवलं. पुढे बंगालची फाळणी झाली, ती जागा गेली, आणि बॅरिस्टर जयकरांनी सोडलेल्या जागेवर बाबासाहेब मुंबईतून परत आले, पण पहिली एंट्री बंगालचीच. आणि पाकिस्तानातल्या दलितांनी भारतात निघून यावं असं बाबासाहेबांनी जाहीर आवाहन केलं ते नोव्हेंबर १९४७ मधलं, फाळणी होऊन तीन महिने झाल्यावरचं. फॉरवर्डवाल्यांनी ते उचलून आधी नेऊन ठेवलंय. उलट मंडल तर बंगालच्या फाळणीच्याच विरोधात सभा घेत फिरत होते, अखंड बंगाल राहावा म्हणून.

सिल्हेट. तिथे मंडल यांनी लीगच्या बाजूनं प्रचार केला, हे नाकारून चालणार नाही. पण आकडे बघा ना. जुलै १९४७ चं सार्वमत, आसाम सोडून पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानात, जाण्याच्या बाजूनं २,३९,६१९ मतं, विरोधात १,८४,०४१. फरक पंचावन्न हजारांच्या वर. जिल्ह्यात मुसलमान साठ टक्क्यांच्या आसपास. चहाच्या मळ्यांतल्या मजुरांना, जे बहुतेक हिंदू आणि आदिवासी, मताचा हक्कच नव्हता. एवढं सगळं बाजूला सारून "एका दलितानं सिल्हेट घालवलं" म्हणायचं असेल तर तो इतिहास नाही, ती खुन्नस आहे. शिवाय सिल्हेटमधलाच करीमगंजचा पट्टा सार्वमतानंतरही भारतातच राहिला.

"घटना लिहिली" हे तर हसण्यासारखं आहे. पाकिस्तानची पहिली घटना लागू झाली २३ मार्च १९५६ ला. तेव्हा मंडल कोलकत्यात येऊन पाच वर्षं उलटून गेलेली. हां, टीका करायचीच असेल तर एक जागा आहे: मार्च १९४९ मध्ये पाकिस्तानच्या घटनासभेत उद्दिष्टांचा ठराव आला, देशाची दिशा इस्लामी असणार हे त्यात उघड होतं, हिंदू सभासदांनी विरोध केला, आणि मंडल तेव्हा मंत्रिमंडळात होते, राजीनामा दिला नाही. यावर प्रश्न विचारा, मी पण विचारीन. पण त्यासाठी वाचावं लागतं ना.

आता "काही महिन्यांत पळून आला". राजीनामा ८ ऑक्टोबर १९५० चा. तीन वर्षांहून जास्त. आणि तो राजीनामा म्हणजे दोन ओळींचा अर्ज नाही, लियाकत अलींना लिहिलेलं लांबलचक पत्र आहे, गावांची नावं, तारखा, कुठल्या पोलिसांनी काय केलं, सगळं. खुलना जिल्ह्यातलं कालशिरा घ्या. डिसेंबर १९४९ मध्ये पोलीस कम्युनिस्टांना पकडायला गेले, झटापटीत एक शिपाई मेला, मग पोलीस आणि सैन्य आलं आणि गावच उठवलं. मंडल फेब्रुवारी १९५० च्या अखेरीस स्वतः तिथे गेले आणि पत्रात लिहिलं की ३५० घरांपैकी तीन सोडून सगळी जमीनदोस्त. तीन घरं. ही माणसं कोण तर बहुतेक त्यांच्याच जातीची, त्यांच्याच भरवशावर मागे राहिलेली. पळून जाणारा माणूस मंत्रीपदावर असताना आपल्याच सरकारनं पाडलेली घरं मोजायला जातो का हो?

"अनामिक मेला". कोलकत्यात त्यांना "जोगेन अली मोल्ला" म्हणून चिडवायचे, काँग्रेसवाले जवळ करेनात, पाकिस्तानात तर गद्दारच. तरी पुढची अठरा वर्षं निर्वासितांच्या छावण्यांतून फिरले, छावणीतल्या लोकांना उचलून बंगालबाहेर दंडकारण्यात पाठवायला विरोध केला, निवडणुका लढवल्या आणि हरले. एकटे पडले होते हे खरं. अनामिक नव्हते.

आता दुसरा मेसेज, कारण तो आपल्या बाजूच्या ग्रुपवर फिरतो म्हणून सोडून द्यायचा असं काही नाही. तो म्हणतो, जेसोर, खुलना, बारिसाल, फरीदपूर या हिंदूबहुल जिल्ह्यांनी बाबासाहेबांना निवडून दिलं म्हणून सूड उगवायला ते मुद्दाम पाकिस्तानला दिले. दादांनो, घटनासमितीला जनतेनं मतदान केलंच नव्हतं, आमदारांनी केलं, जिल्ह्यांचा संबंधच नाही. आणि १९४१ च्या जनगणनेत या चारपैकी तीन जिल्हे सरळ सरळ मुस्लिमबहुल, फक्त खुलन्यात हिंदू निम्म्याहून किंचित जास्त. खुलना मुर्शिदाबादच्या बदल्यात तिकडे गेलं असं मानतात. १५ ऑगस्टला खुलन्यात तिरंगा लागला होता, सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला १७ ला. खुलन्याचं दुःख खरंय, सुडाची गोष्ट जोडलेली आहे.

आणि तो अख्खा जेसोर दिला म्हणताना एक तुकडा कोणाच्याच लक्षात येत नाही. बनगाव फाळणीआधी जेसोर जिल्ह्यातच होतं, रॅडक्लिफनं ते भारताकडे ठेवलं. ५ ऑक्टोबर १९६८ ला मंडल वारले ते तिथेच, सीमेपासून काही किलोमीटरवर.