मांजराने बांगडा खाल्ला : प्रयोग ओळखा

आठवीत असताना आम्ही सात जण मिळून एक गृहपाठ करायचो. एकाला येतो आणि सहा जण उतरवून घेतात, असा घरोघरी समज होता. तो निखालस खोटा. येत एकालाही नव्हता. आम्ही खरोखरच एकमेकांना समजावून सांगायचो आणि सगळा घोटाळा तिथेच व्हायचा.

गणपतीपुळ्याच्या अलीकडे आमचं गाव. डिसेंबरातली संध्याकाळ, आमची पडवी आणि मध्ये कंदील, कारण आम्ही वह्या उघडल्या की वीज जायचीच. त्या दिवशी एक उतारा वाचून उत्तरं लिहायची होती, शिवाय दहा वाक्यांचे प्रयोग ओळखायचे होते. दहावं वाक्य आपल्या मनाचं, असं सरांनी बजावलं होतं.

उतारा हिमालयावरचा. प्रवासी पहाटे तंबूबाहेर येतो तर जिकडेतिकडे बर्फ. 'हे दृश्य पाहून लेखकाला काय वाटले असेल?' आमच्यातल्या कुणीच बर्फ पडताना पाहिला नव्हता. या विषयातला एकमेव जाणकार म्हणजे खारवीवाड्यातला माझा बाकावरचा शेजारी. त्याच्या वडिलांची होडी होती आणि जेटीवर बर्फाची लादी मोगरीने फोडायचं काम त्याच्याकडे असायचं. उतारा ऐकून तो थक्कच झाला. "एवढा बर्फ, नि फुकट?" लादीचा भाव काय, उन्हात किती वितळते, न फोडता ठेवली तर किती टिकते, हे त्याने इतक्या कळकळीने सांगितलं की सातही वह्यांत उत्तर पडलं : 'लेखकाला हायसे वाटले, कारण आता मासळी चार दिवस टिकेल.'

पोस्टमनकाकांच्या मुलाने शंका काढली, "हिमालयात मासळी कुठली?"

"नदी नाय काय तिथे?"

विषय संपला.

प्रयोगांसाठी मात्र आमच्याकडे भटजींची मुलगी होती. तिचं म्हणणं, क्रियापद कर्त्याचं ऐकलं की कर्तरी, कर्माचं ऐकलं की कर्मणी आणि कुणाचंच न ऐकता नपुंसकलिंगी एकवचनात फतकल मारून बसलं की भावे. उदाहरण नेहमीचंच, रामाने आंबा खाल्ला.

"डिसेंबरात आंबा? मासा घे," खारवी म्हणाला.

ज्या घरात सुरमईचं नावही निघत नसे, त्या घरच्या मुलीने शास्त्राखातर मासा घेतला. मांजराने बांगडा खाल्ला. मांजराने सुरमई खाल्ली. मांजराने पापलेट खाल्लं. मांजराने तिसऱ्या खाल्ल्या. मांजर तेच, पण क्रियापद दर माशागणिक बदलतंय! कर्मणी प्रयोग इतका लख्ख मला पुन्हा कधी दिसला नाही.

"आता बांगड्याला 'ला' लाव. मांजराने बांगड्याला खाल्लं. झाला भावे."

"बांगड्याला कोण खातं? बांगडा खातात," खारवी अडून बसला. आणि खरं सांगायचं तर त्याचंच बरोबर होतं. भावे प्रयोग तिथेच रुतला.

इतक्यात स्वयंपाकघरात ताटली आपटली आणि आजीचा आवाज आला, "बांगडा खाल्लान मेल्या मांजरानं!"

हळद-मीठ लावून ठेवलेल्या पाचांतला एक गेला होता. पण हळहळायला कुणाला सवड? "खाल्लान? यातला 'न' कुठला?" भटजींची मुलगी उठून उभी राहिली. आमच्याकडची जुनी माणसं असंच बोलत, दिलान, केलीन, सांगितलंन. जन्मभर ऐकलं होतं, पण कधी पाहिलं नव्हतं.

मी आत जाऊन विचारलं, "आजी, बांगड्याच्या जागी सुरमई असती तर?"

"खाल्लीन म्हटलं असतं. पण सुरमई आणायला तुझा बाप काय मामलेदार लागून गेलाय?"

बाहेर निर्णय झाला. खाल्ला, खाल्ली हे कर्माप्रमाणे, शेपटीचा 'न' कर्त्याचा. 'तू कविता म्हटलीस' यातला 'स' जसा 'तू'चा, तसाच. याला कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. मी आनंदाने ओरडलो, "आजी, तुझा संकर आहे!" त्यानंतर लाटणं आणि माझी पाठ यांच्यात जे घडलं, त्याचा प्रयोग ओळखायला मी थांबलो नाही.

यात मालगुंडचाही थोडा दोष आहे. पुळ्याच्या पलीकडेच ते. तिथे 1866 साली केशवसुत जन्मले. त्यांनी कवितेचे जुने दोर तोडले आणि त्यांच्या धाकट्या भावाने, मोरो केशव दामल्यांनी, 1911 साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' काढून भाषेला दावं बांधलं. थोरल्याने वाक्य सोडायचं, धाकट्याने त्याचा प्रयोग विचारायचा. भोगायचं आजूबाजूच्या गावांनी.

दुसऱ्या दिवशी सर वह्या तपासत होते. सर घाटावरचे. सातही वह्यांत दहावं वाक्य 'मांजराने बांगडा खाल्लान', सातही वह्यांत संकर.

"हा 'न' कुणाचा?"

"आजीचा, सर," मी म्हणालो.

"आणि ही मासळी?"

सहा बोटं एका दिशेने वळली. पण सरांचा न्याय सरसकट होता. प्रत्येकी दोन छड्या.

बाकावर परत आल्यावर खारवी तळहातांवर फुंकर घालत बराच वेळ काहीतरी पुटपुटत होता. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"सरांनी आपल्याला मारलं," तो माझ्या कानाशी म्हणाला. "भावे ना रे?"