पिएर जाने राहून गेले
विघटनाच्या (आठवणी, भान किंवा ओळख मनात एकमेकांपासून तुटण्याच्या) रुग्णांवर आयुष्यभर उपचार करणाऱ्या मानसतज्ज्ञांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात फ्रेंच मानसतज्ज्ञ पिएर जाने हवेच होते! फ्रान्समधल्या ल आव्हर शहरात तत्त्वज्ञान शिकवता शिकवता ते तिथल्या रुग्णालयात रुग्ण अभ्यासत. १८८९ मध्ये प्रबंध आला, मग पॅरिसचं साल्पेत्रिएर रुग्णालय. त्यांची एक तरुण रुग्ण आईचा मृत्यू साफ विसरली होती. झटका आला की मात्र ती रात्र जशीच्या तशी पुन्हा जगायची, गेलेल्या आईला औषध पाजायला बघायची. हे सोंग नव्हे, हे जाने यांनी ओळखलं. आधी रुग्णाला सावरायचं, मगच आठवणींना हात घालायचा, या आजच्या पद्धतीची मुळं त्यांच्याच कामात आहेत. फ्रॉइड सगळ्यांना ठाऊक, जाने कुणालाच नाहीत, याचं फार वाईट वाटतं. त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहाच.