दिवाळीत झाकलेली मशीन मृगात चालू होईना: एक स्टार देणाऱ्या सरांना दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री जेवताना वाचला. घास अडकला, खोटं कशाला बोलू. "नोव्हेंबरात गवत कापायच्या मशीनची पूर्ण सर्व्हिसिंग केली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली, एकदाही वापरली नाही. जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा गेला. वर १,४८० रुपये उकळले. वॉरंटी नुसती नावाला," असं तुम्ही लिहिलंय. दुकानात आलात तेव्हा गर्दीत नीट बोलणं झालं नाही, म्हणून इथंच सांगतो. इतरांच्याही कामाला येईल.

आधी आमचं चुकलं ते. नोव्हेंबरात आमच्या पोरानं ऑइल बदललं, प्लग साफ केला, मशीन चालू करून दाखवली आणि टाकीत अर्धा लिटर पेट्रोल तसंच ठेवून तुमच्या गाडीत चढवून दिली. "सर, आता परत कधी काढणार?" एवढं एक वाक्य विचारायचं राहिलं. ते विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. जूनमध्ये त्यानंच तुम्हाला "पेट्रोल तुम्हीच शिळं केलं" असं सुनावलं, त्याबद्दल माफी मागतो. बोलला ते खरं होतं, पण ती काय बोलायची रीत झाली?

आता बिघाडाचं. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याची वाटी तुमच्यासमोरच खोलली होती. तळाला काकवीसारखा चिकट थर, वास लाकडाच्या पॉलिशचा, कडेनं पांढरी पूड. जेटचं, म्हणजे ज्यातून पेट्रोल वर जातं त्या तुकड्याचं, भोक सुईच्या टोकाएवढं असतं, उजेडाला धरलं तर आरपार दिसायला हवं. काहीच दिसेना. आमचे मिस्त्री म्हणाले तेच खरं: "मालक, ह्यात पेट्रोल कुठंय, डिंक झालाय की सगळा."

पेट्रोल ठेवून ठेवलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि राहिलेला हवेशी मिळून चिकट होतो. त्यात आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात, नेमकं जिथून इंजिन पेट्रोल ओढतं तिथं. ती पांढरी पूड म्हणजे ओलीनं खाल्लेला धातू. "मोटारसायकल सहा महिने उभी होती, एका फटक्यात चालू झाली" असंही तुम्ही म्हणालात. सर, एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांचे कार्बोरेटर गेले, पेट्रोल दाबानं फवारणारं इंजेक्शन आलं. तुमच्या मशीनला अजून जुन्या पद्धतीचा कार्बोरेटरच आहे.

मशीनसोबतच्या पुस्तकात 'विंटर स्टोरेज' नावाचं पान असतं. आपल्याकडे ते कोणी वाचत नाही. मीसुद्धा पहिली काही वर्षं वाचलं नव्हतं. वाटायचं, बर्फ पडतो तिकडच्या लोकांचं आहे हे. परभणीत पारा पाच-सहावर उतरला की कृषी विद्यापीठातल्या नोंदीची बातमी पेपरात येते, चार दिवस शेकोट्या पेटतात, झाली थंडी. पण गवताच्या हिशेबानं बघा. आपला हिवाळा दिवाळीला सुरू होतो आणि मृगाला संपतो, कारण पाणी नाही तर गवत नाही. तिकडे मशीन चार महिने गारठ्यात पडून राहते. आपल्याकडे सात महिने, आणि त्यातले तीन तापलेल्या पत्र्याखाली, बेचाळीस अंशांत. म्हणजे ते पान खरं आपल्यासाठीच जास्त लागू.

काम अर्ध्या तासाचं आहे. इंजिन गार असताना, बाहेर मोकळ्यात, बिडी-चुलीपासून लांब टाकीतलं पेट्रोल काढायचं आणि त्याच दिवशी स्कूटरमध्ये वापरून टाकायचं (टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं असेल तर नाही). मग मशीन चालू करून आपोआप बंद पडू द्यायची, म्हणजे वाटी कोरडी होते. प्लग काढून आत चमचाभर ऑइल, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढायची, प्लग परत लावायचा आणि दोरी जड लागते तिथं सोडून द्यायची. तिथं व्हॉल्व्ह बंद असतात, ओल आत जात नाही. खालचं वाळकं गवत खरवडायला मशीन कलती करायची तर आधी प्लगची टोपी काढा, आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवा. नाहीतर ऑइल फिल्टरात उतरतं.

प्लॅस्टिकबद्दल मात्र मी तुमच्याशी वाद घालणार. आतली ओल बाहेर जायला जागाच राहत नाही. पात्यावर गंज आला तो त्यानंच. जुनी सुती चादर पुरते. युरियाच्या पोत्यांशेजारी ठेवू नका, खताची धूळ लोखंड खाते. आणि काढताना सायलेंसरमध्ये एकदा डोकवा, कुंभारमाशीची मातीची घरटी आम्ही दरवर्षी काढतो.

बिल असं होतं: खोलून सफाईची मजुरी ७००, जेट आणि गॅस्केट ५२०, नवा प्लग १६०, पेट्रोल १००. जुने पार्ट पिशवीत घालून तुम्हाला दिलेत. शिळ्या पेट्रोलचा बिघाड वॉरंटीत बसत नाही, कार्डावर तसं छापलंय. पण ते इंग्रजीत आहे, बारीक अक्षरात आहे, आणि विकताना आम्ही वाचून दाखवलं नव्हतं. म्हणून मजुरीचे ७०० परत करतो. पार्टचे पैसे परत होणार नाहीत.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. पैसे काउंटरला पाकिटात ठेवलेत, मी नसलो तरी मिळतील. येताना पातं खोलून आणलंत तर गंज काढून धार लावून देतो, त्याचे काही नाहीत.