सातशे तीन होमरन आणि फुकटची कुजबुज

बेसबॉलपटू अल्बर्ट पूहोल्सचं नाव निघालं की एक ठरावीक मजकूर हमखास फिरायला लागतो. आधी तो इंग्रजीतून यायचा, आता मराठीतूनही येतो. त्याचा मतितार्थ असा : हा डोमिनिकन गडी म्हणजे निव्वळ दंडातली ताकद, वय चोरलेलं, म्हणून बत्तिशीनंतर ढेपाळला, ती ताकदसुद्धा बहुधा औषधांची, एंजल्स क्लबचे चोवीस कोटी डॉलर घेऊन दहा वर्षं बसून खाल्ली, आणि शेवटी सेंट लुइसच्या कार्डिनल्सने, म्हणजे त्याच्या जुन्या क्लबने, त्याला मेहेरबानी म्हणून सातशे होमरनचा आकडा गाठू दिला.

मी सेंट लुइसमध्ये राहतो, तेव्हा मी काही तटस्थ पंच नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं. आणि यातला एक मुद्दा निम्मा खरा आहे, तोही लपवणार नाही.

आधी ताकदीचं बघू. ज्यांनी बेसबॉल फारसं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच : होमरन म्हणजे ढोबळमानाने आपला षटकार, पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, बेस म्हणजे धावेसाठी क्रमाने गाठायचे थांबे, हिट म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, आणि तीन स्ट्राइक (हुकलेले फटके किंवा सोडून दिलेले चांगले चेंडू) झाले की बॅटर बाद, त्याला म्हणतात स्ट्राइकआउट. ताकदीवर खेळणाऱ्याला याची किंमत मोजावी लागते. जो सगळं अंग झोकून बॅट फिरवतो, त्याची बॅट हवेतही तितकीच फिरते. २००६ साली फिलाडेल्फियाच्या रायन हॉवर्डने ५८ होमरन मारले आणि तो १८१ वेळा स्ट्राइकआउट झाला. नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्या मतदानात दुसरा आला पूहोल्स. त्याचे होमरन ४९, स्ट्राइकआउट ५०. म्हणजे जवळजवळ एकास एक. २००४ मध्येही तेच, ४६ होमरनना ५२ स्ट्राइकआउट. पदार्पणाच्या वर्षी तो ९३ वेळा असा बाद झाला, पुढे सदतिसाव्या वर्षी पुन्हा ९३ वेळा, आणि बावीस हंगामांत त्या आकड्याच्या वर कधी गेलाच नाही. २००३ मध्ये त्याची बॅटिंग सरासरी .३५९ होती, म्हणजे शंभरातून जवळपास छत्तीस वेळा हिट, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. नुसत्या आडदांड माणसाकडून हे होत नाही. हे डोळ्यांचं काम आहे.

त्याला उभं राहिलेलं पाहिलं की हे पटतं. पाय खांद्यांपेक्षा चांगले रुंद, गुडघे वाकलेले, जणू खुर्चीवर बसता बसता कुणी हाक मारली म्हणून तसाच थांबलाय. बॅट उंच, हात मागे. बरेचसे बॅटर चेंडू येताना पुढचा पाय उचलून टाकतात. याची टाच जेमतेम जमिनीवरून सुटते आणि तिथेच टेकते. त्यामुळे डोकं जागचं हलत नाही, आणि डोकं हललं नाही की नजरही हलत नाही.

१७ ऑक्टोबर २००५, ह्यूस्टन. लीगच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना. ह्यूस्टनचे ॲस्ट्रोज ४-२ ने पुढे, नववी म्हणजे शेवटची इनिंग, कार्डिनल्सचे दोन गडी बाद. आणखी एक बाद की ह्यूस्टन इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांच्या अंतिम लढतीत. पिचर ब्रॅड लिज, त्या काळात ज्याचा स्लायडर (ऐनवेळी बाजूला वळणारा चेंडू) कुणाला कळत नव्हता असा. एक्स्टाइन सिंगल मारून पहिल्या बेसवर पोचला, एडमंड्सला वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकटचा बेस) मिळाला, मग पूहोल्स आला. पहिल्या स्लायडरवर त्याची बॅट सपशेल हवेत फिरली. लिजने दुसराही स्लायडरच टाकला. तो जरा वरच राहिला, आणि पूहोल्सने तो डाव्या बाजूच्या भिंतीवरच्या रेल्वेच्या रुळांपर्यंत धाडला. (त्या मैदानात खरोखर रूळ आहेत, वर एक छोटी आगगाडी धावते.) त्रेचाळीस हजारांचं मैदान मिटल्यासारखं गप्प झालं. सामना ५-४ ने कार्डिनल्सचा. पुढचा सामना हरून कार्डिनल्स बाहेर पडले ते पडलेच, पण मला त्या दोन चेंडूंमधलं अंतर महत्त्वाचं वाटतं. पहिल्यावर फसला, दुसऱ्याला ओळखलं. ताकद दोन्ही वेळा तेवढीच होती.

जाता जाता : याच ‘नुसत्या ताकदीच्या’ माणसाने फर्स्ट बेसवरच्या क्षेत्ररक्षणासाठी दोनदा, २००६ आणि २०१० ला, गोल्ड ग्लव्ह मिळवला, आणि पळायला बेताचाच असूनही कारकिर्दीत ११७ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला.

आता वय. हा आरोप मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे आणि ती चुकीच्या माणसाला चिकटवली आहे. डोमिनिकन रिपब्लिकमधून वय लपवून आलेले खेळाडू होतेच. मिगेल तेहादाने २००८ मध्ये मान्य केलं की तो सांगत होता त्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. फाउस्तो कार्मोना नावाने खेळणारा पिचर प्रत्यक्षात रोबेर्तो हर्नांदेझ निघाला. हे का होतं तेही साधं आहे. तिथल्या पोरांना ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायची पद्धत, लागू नाही. सोळाव्या वर्षी क्लब त्यांना थेट करारबद्ध करू शकतात. पोर जितकं लहान तितकी बोली मोठी. एकोणीस वर्षांचा पोरगा सोळाचा म्हणून दाखवला की घरात पैसा येतो, आणि त्यात मधल्या दलालाचा वाटा असतोच.

पूहोल्स या दारातून आलाच नाही. सांतो दोमिंगोत १६ जानेवारी १९८० चा जन्म, आजीच्या आणि मोठ्या गोतावळ्याच्या हाताखाली वाढलेला. १९९६ मध्ये घरच्यांबरोबर आधी न्यूयॉर्क, मग मिझुरीतलं इंडिपेंडन्स गाव. तिथे फोर्ट ओसेज हायस्कूल, मग कॅन्सस सिटीतलं मेपल वुड्स हे साधं कम्युनिटी कॉलेज. अमेरिकेत शिकणारा म्हणून तो इतर अमेरिकन पोरांसारखा ड्राफ्टच्या रांगेत उभा राहिला. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर कार्डिनल्सने त्याला उचललं आणि दहा हजार डॉलर देऊ केले. त्याने ते नाकारले, उन्हाळाभर कॅन्ससच्या एका हौशी लीगमध्ये खेळला, आणि साधारण साठ हजारांवर सही केली. वय चोरून त्याने नेमकं कमावलं काय? चारशे दोनावा नंबर?

शंका घेणाऱ्यांचा पुरावा म्हणजे ‘बत्तिशीनंतरची घसरण’. तिचं कारण शोधायला जन्मदाखल्यापर्यंत जायची गरज नाही, पायांकडे बघावं. २०१२ च्या हंगामानंतर उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया. २०१३ मध्ये तळपायातला टाचेपासून बोटांकडे जाणारा पट्टा फाटून ९९ सामन्यांतच हंगाम आटोपला. मग २०१५ आणि २०१६ च्या हिवाळ्यांत उजव्या पावलावर पुन्हा सुरी. बॅटिंगचा जोर जमिनीतून वर चढतो. टाच टेकवताना कळ येत असेल तर मनगटं कितीही मजबूत असून उपयोग नाही. आणि समजा, तो खरंच दोन-तीन वर्षांनी मोठा होता. मग २०२२ मध्ये २४ होमरन मारणारा माणूस बेचाळीसचा नव्हे, चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा ठरतो! आरोप करणाऱ्यांनी आपणच त्याची थोरवी वाढवून ठेवली की.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण मुद्द्यात फार दम नाही. स्टेरॉइडसाठी शिक्षेसह चाचण्या २००४ पासून सुरू झाल्या. पूहोल्सची उरलेली सगळी कारकीर्द त्या चाचण्यांखाली गेली आणि त्यात तो कधी अडकला नाही. २०१३ मध्ये कार्डिनल्सचाच जुना खेळाडू जॅक क्लार्क रेडिओवर त्याच्याविरुद्ध बोलला. पूहोल्स कोर्टात गेला. २०१४ च्या सुरुवातीला क्लार्कने शब्द मागे घेतले आणि माफी मागितली. फिरणाऱ्या मजकुरात क्लार्कचा आरोप असतो, माफी कधी नसते.

आता तो निम्मा खरा मुद्दा. डिसेंबर २०११ मध्ये एंजल्सनी त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर कबूल केले, आणि त्या पैशाच्या मानाने खेळ झाला नाही, हे मान्य. तिथे त्याने २२२ होमरन मारले, २०१५ मध्ये तर एका हंगामात ४०. पाचशेवा, सहाशेवा होमरन आणि तीन हजारावा हिट, सगळं एंजल्सच्याच गणवेशात. पण हे आकडे फसवे आहेत, आणि त्याचे भक्तसुद्धा त्यांवर भुलतात. २०१७ चं उदाहरण घ्या. त्याच्या बॅटमधून १०१ धावा आल्या, ऐकायला झकास. पण बेसवर पोचण्याचं प्रमाण .२८६, म्हणजे दहातून सात वेळा पदरी काही नाही. पुढे माइक ट्राउटसारखा संघसोबती बेसवर उभा असायचा म्हणून धावा आल्या. डबल प्लेमध्ये दोघांना एकदम बाद करवण्याचा सर्वकालीन विक्रमही, ४२६ वेळा, पूहोल्सच्याच नावावर आहे. त्याच्या दहा वर्षांत एंजल्स बाद फेरीत एकदाच गेले, २०१४ ला, आणि तीन सामन्यांत घरी परतले.

मग ‘बसून खाल्ले’ हे चूक कुठे? हिशेब २०१२ पासून सुरू केला तिथे. बेसबॉलमध्ये पहिली सहा वर्षं खेळाडू आपल्या क्लबला बांधलेला असतो, सुरुवातीला तर क्लब देईल तो पगार. २००१ मध्ये पूहोल्सला दोन लाख डॉलर मिळाले, पुढच्या वर्षी सहा लाख, मग नऊ. तीन वर्षांचे मिळून सतरा लाख, आणि त्यात ११४ होमरन, ३८१ आरबीआय (त्याच्या बॅटमधून आलेल्या धावा). २००४ मध्ये सात वर्षांचा दहा कोटींचा करार झाला. त्या कराराच्या मुदतीत त्याने तीनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, २००५, २००८ आणि २००९. त्या काळात असा माणूस इतक्यात मिळणं म्हणजे लूटच. थकबाकी वसूल झाली खरी, फक्त ती भलत्याच घरमालकाने भरली. आणि एंजल्सही काही भाबडे नव्हते. त्याच सुमारास त्यांनी टीव्ही हक्कांचा वीस वर्षांचा, बातम्यांनुसार सुमारे तीन अब्ज डॉलरचा करार केला होता, त्याला एक मोठं नाव हवंच होतं. सगळ्यांत हुशार ठरले कार्डिनल्स. त्यांनी त्याला जाऊ दिलं, बदल्यात ड्राफ्टचा नंबर मिळाला, त्यावर मायकल वाका घेतला, आणि तोच पोरगा २०१३ मध्ये लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी झाला.

इथल्या लोकांनी राग धरला असं म्हणतात. सुरुवातीला धरलाही. पण जून २०१९ मध्ये एंजल्स इथे खेळायला आले तेव्हा मी मैदानात होतो. पूहोल्स बॅटिंगला आला की दर वेळी अख्खं मैदान उभं. शनिवारी त्याने आमच्याच पिचरला होमरन ठोकला आणि लोकांनी पाहुण्या खेळाडूला टाळ्या वाजवून डगआउटबाहेर यायला लावलं. माझ्या शेजारच्या आजोबांच्या अंगात लाल जर्सी होती, पाठीवर जुना ५ नंबर. ते टाळ्या वाजवत होते आणि त्याच दमात पिचरला शिव्या देत होते.

उरली मेहेरबानी. मे २०२१ मध्ये एंजल्सनी त्याला काढलं, उरलेला हंगाम तो डॉजर्सकडे खेळला, आणि २०२२ साठी कार्डिनल्सने अडीच कोटी नव्हे, अडीच दशलक्ष, म्हणजे पंचवीस लाख डॉलरवर बोलावलं. होमरन तेव्हा ६७९. निरोपाची वारी असेल, असंच आम्हालाही वाटलं होतं. मेमध्ये एका एकतर्फी सामन्यात त्याला गंमत म्हणून पिचिंग दिलं, त्याने चार धावा दिल्या, सगळे हसले. जुलैच्या मध्यापर्यंत होमरन सहा, सरासरी .२१५. मेहेरबानीच करायची असती तर ती तेव्हा थांबायला हवी होती, कारण संघ गटात पहिल्या जागेसाठी झुंजत होता.

उरलेल्या अडीच महिन्यांत त्याने १८ मारले, म्हणजे हंगामात २४, एकूण ७०३. कुठे मारले ते बघा. १८ ऑगस्ट : बदली बॅटर म्हणून येऊन तिन्ही बेस भरलेले असताना होमरन. ४ सप्टेंबर, कब्सविरुद्ध : आठव्या इनिंगपर्यंत धावफलक कोरा, पुन्हा बदली बॅटर, दोन धावांचा होमरन, सामना २-० ने खिशात. ११ सप्टेंबर, पिट्सबर्ग : नवव्या इनिंगमध्ये संघ मागे असताना आघाडी मिळवून देणारा ६९७ वा, ज्याने होमरनच्या सर्वकालीन यादीत ॲलेक्स रॉड्रिगेझला मागे टाकलं. मुख्यतः डावखुऱ्या पिचरसमोर त्याला उतरवत होते हे खरं. पण ज्याचं जे चालतं तिथे ते वापरायचं, यात दयेचा प्रश्न येतो कुठे? कार्डिनल्सने तो गट जिंकला. आणि सातशे होवोत न होवोत, हंगाम संपला की थांबणार, हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं.

२३ सप्टेंबरला लॉस एंजलिसमध्ये, डॉजर्सच्या मैदानावर, तिसऱ्या इनिंगमध्ये हीनीच्या चेंडूवर ६९९ वा झाला आणि चौथ्या इनिंगमध्ये बिकफर्डच्या चेंडूवर ७०० वा. बेसला फेरी मारून तो थेट जाळीकडे गेला, आणि जाळीच्या पलीकडे बसलेल्या आपल्या जुन्या मित्राला, डोमिनिकनच असलेल्या माजी खेळाडू आद्रियान बेल्त्रेला, हात लावून आला. चेंडू ज्या प्रेक्षकाच्या हाती गेला तो तो घेऊन मैदानाबाहेर पडला, परत द्यायला तयार नव्हता. पूहोल्सने तो मिळवायचा हट्ट धरला नाही. २०१९ मध्ये डेट्रॉइटला दोन हजाराव्या आरबीआयचा चेंडूही असाच एका प्रेक्षकाकडे राहिला होता, तेव्हाही त्याचं म्हणणं हेच होतं, की राहू दे त्याच्याकडे.