गुप्तदान कसलं, दाता तर चित्रातच बसलाय

युरोपातल्या जुन्या चर्चमधल्या चित्रांचे फोटो आणि खाली भारावलेला मजकूर, असा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत येतो. मजकूर थोडक्यात असा: पूर्वीचे श्रीमंत लोक चर्चला अनमोल चित्रं अर्पण करत, पण स्वतःला कुठे मिरवत नसत, चर्च आलेलं दान डोळे मिटून स्वीकारी, आणि एकदा देवाला वाहिलेलं चित्र जागचं हललं नाही, म्हणून ते आजही तिथेच आहे. शेवटी आजच्या पाटीबाज देणगीदारांना टोमणा. टोमण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याआधीची तिन्ही विधानं मात्र टिकत नाहीत.

‘स्वतःला मिरवत नसत.’ नावाचं सोडा, इथे अख्खा माणूस चित्रात हजर असतो. इटलीतल्या पादुआला एन्रिको स्क्रोवेन्यीने बांधलेलं चॅपेल, म्हणजे खाजगी प्रार्थनागृह, जोत्तो या चित्रकाराने १३०५ च्या सुमारास रंगवलं. तिथे दाराच्या बाजूच्या भिंतीवर ‘अंतिम निवाडा’ आहे, म्हणजे जगाच्या शेवटी देव पुण्यवंत आणि पापी वेगळे करतो तो प्रसंग. त्यात पुण्यवंतांच्या बाजूला, क्रुसाच्या पायथ्याशी, जांभळ्या झग्यातला एन्रिको गुडघे टेकून चॅपेलची छोटी प्रतिकृती अर्पण करतोय. तिचा भार एका धर्मगुरूने खांद्यावर पेललाय. पलीकडे नरकात व्याजखोर आपापल्या थैल्यांच्या नाड्यांना लटकलेत. आता गंमत बघा. एन्रिकोचा बाप रेजिनाल्दो हा नावाजलेला सावकार. कवी दांतेने आपल्या काव्यात त्याला नरकात बसवलं ते नावही न घेता. गळ्यातल्या पांढऱ्या थैलीवर निळी गाभण डुकरीण दाखवली, एवढंच. ते स्क्रोवेन्यी घराण्याचं चिन्ह होतं, ओळखणाऱ्यांनी ओळखलं. व्याज घेणं तेव्हा पाप मानलं जाई, आणि बापाच्या पैशाला लागलेला डाग धुवायला हे चॅपेल उभं राहिलं, असं परंपरेने सांगतात. शेजारच्या मठवासीयांना काही ते पटलं नव्हतं. जानेवारी १३०५ मध्ये त्यांनी रीतसर तक्रार केली: परवानगी लहानशा चॅपेलची होती आणि इथे घंटेचा मनोरा चढतोय, हा देवाच्या स्तुतीपेक्षा बडेजाव जास्त आहे. मिरवण्याचा आरोप मी आज करतोय असं नाही, शेजाऱ्यांनी तो सातशे वर्षांपूर्वीच करून ठेवलाय.

बेल्जियममधल्या गेंटचं, व्हान आयक या चित्रकार बंधूंचं वेदीचित्र (१४३२) घ्या. वेदीचित्र म्हणजे चर्चच्या वेदीवर उभं केलेलं, लाकडी फळ्या जोडून केलेलं चित्र. त्याची दारं एरवी मिटलेली असत आणि सणावारी उघडत. मग एरवी दिसायचं काय? मिटलेल्या दारांवर, खालच्या रांगेत दोन टोकांना, माणसाएवढ्या मापाचे, चित्राचा दाता योस वेइट आणि त्याची बायको एलिझाबेथ बोर्लूत, हात जोडून. योस तर चामखिळीसकट. पुढे १४३५ मध्ये या जोडप्याने पैसे लावून दिले ते आपल्या आणि पूर्वजांच्या आत्म्यांसाठी तिथे रोज मिस्सा (ख्रिस्ती उपासना) व्हावी म्हणून. याला दान म्हणा हवं तर, पण घेणंदेणं दोन्ही बाजूंनी होतं आणि कोणी ते लपवलेलंही नाही. मला तरी त्यात गैर वाटत नाही. गैर आहे ते त्यावर नंतर चढवलेलं निरपेक्षतेचं सोवळं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. साध्या माणसांनी दिलेल्या लाकडी फळ्यांवरच्या छोट्या चित्रांमागचे दाते आज बहुतेक विस्मरणात गेलेत. कोणी शिडीवरून पडतोय, कोणी खाटेवर तळमळतोय, वर ढगात मेरी. इटलीत अशा फळ्यांवर लॅटिन शब्दांची आद्याक्षरं दिसतात, व्ही. एफ. जी. ए., म्हणजे ‘नवस केला, कृपा झाली’. त्यामुळे इथेही ‘दान’ हा शब्द चुकतोच. हा फेडलेला नवस.

‘चर्च डोळे मिटून स्वीकारी.’ मुळीच नाही. लाएर्झिओ केरुबिनी या वकिलाने रोममधल्या सांता मारिया देल्ला स्काला चर्चमधल्या आपल्या चॅपेलसाठी १६०१ मध्ये चित्रकार काराव्हाज्जोला मेरीच्या मृत्यूचं चित्र सांगितलं. आलं ते फुगलेल्या पोटाचं, उघड्या पावलांचं, खरोखरीचं प्रेत. तिथल्या कार्मेलाइट पंथाच्या साधूंनी ते नाकारलं आणि त्या जागी कार्लो साराचेनीचं चित्र लावलं. काराव्हाज्जोचं चित्र रुबेन्स या चित्रकाराच्या शिफारशीवरून इटलीतल्या मांतुआच्या ड्यूकने १६०७ मध्ये विकत घेतलं, मग ते इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्याकडे गेलं, मग फ्रान्सच्या चौदाव्या लुईकडे. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

‘जागचं हललं नाही.’ पुन्हा गेंटलाच चला. १८१६ मध्ये तिथल्या चर्चच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याने त्या वेदीचित्राच्या बाजूच्या सहा फळ्या एका व्यापाऱ्याला विकून टाकल्या. त्या शेवटी प्रशियाच्या (जर्मनीतल्या एका राज्याच्या) राजाकडे पोचल्या, आणि पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात खास कलम घालून परत मिळवाव्या लागल्या. १९३४ च्या एप्रिलमध्ये एका रात्री दोन फळ्या चोरीला गेल्या. एक परत आली. ‘न्यायी न्यायाधीश’ ही दुसरी अजून सापडलेली नाही, तिच्या जागी नक्कल आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी उरलेलं सगळं उचललं आणि शेवटी ते ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत सापडलं. जागच्या जागी म्हणतात ते हे.

पण संदेश लिहिणाऱ्याला कोणी एकच चित्र दाखवणार असेल, तर मेमलिंग या चित्रकाराचा ‘अंतिम निवाडा’ दाखवा. फ्लॉरेन्सच्या मेदिची बँकेचा बेल्जियममधल्या ब्रूजचा माणूस अँजेलो तानी याने ते फ्लॉरेन्सजवळच्या चॅपेलसाठी करून घेतलं आणि जहाजावर चढवलं. १४७३ मध्ये डान्झिग या बंदराच्या गावच्या पाउल बेनेकेने ते जहाज समुद्रात लुटलं. बेनेकेच्या जहाजाच्या मालकांनी चित्राचं काय केलं? आपल्या गावच्या सेंट मेरी चर्चला अर्पण केलं! पोपने निषेध केला, पण चित्र परत गेलं नाही. डान्झिगचं आता पोलंडमधलं ग्दान्स्क झालंय आणि चित्र तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याची दारं मिटली की बाहेर तानी आणि त्याची बायको कातेरिना अजून गुडघे टेकून बसलेली दिसतात. या गावाला त्यांनी काहीच दिलं नव्हतं.