आमच्याकडे थंडीपेक्षा उन्हाचा विचार आधी करावा लागतो

व्हॅनमधल्या बॅटरी आणि सोलरवरच्या तुमच्या लेखात शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये हे ठासून सांगितलंय, बरोबरच आहे. पण आमच्या ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्याचं काय? माझ्या व्हॅनमध्ये 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, म्हणजे 1280 वॅट-अवर. आधी मागच्या दाराशी पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. दुपारी पेटीला हात लावला की चटका बसायचा आणि बीएमएस (बॅटरीला जपणारं तिच्यातलं सर्किट) चार्जिंगच बंद करायचं. आता सीटखाली सावलीत, हवा खेळेल अशी ठेवलीय. तेव्हापासून एकदाही बंद पडली नाही.

आणि सोलर पॅनेल व्हॅनच्या टपाला चिकटवू नका हो! खाली चार बोटं फट ठेवाच. पॅनेल 25 अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे साधारण 0.35 ते 0.4 टक्के वीज घटते. 65 अंशांवर गेलं की जवळपास सातवा हिस्सा गेला, तोही ऐन उन्हात. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत भुसा बसतो, तेव्हा सकाळीच ओल्या फडक्याने पुसून घ्या.

अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज देणारा जनित्र) बॅटरी थेट जोडू नका, मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे बॅटरीला ठरावीकच करंट देणारा चार्जर, हवाच. लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो.